विमानातली भजनी मंडळी

सुवेळगडच्या माळावर परक्या सम्राटाची विमानं उतरू लागली आणि सगुणा धनगरणीच्या मेंढरांचं चरणं बंद झालं. चार दिवस तिनं सोसलं, पाचव्या दिवशी ती तडक दरबारात शिरली.

"महाराज, ही विमानं कुणाची?"

"आमच्या मित्राची," राजा म्हणाला. "त्यातून भजनी मंडळी तीर्थयात्रेला जातात. इथं पाणी भरतात आणि उडतात."

"भजनी मंडळी? अजून एक टाळ वाजलेला ऐकला न्हाई म्या! फौज हाय ती, पलीकडच्या राज्यावर निघालेली. उद्या ते राज्य आपल्यावर उलटंल!"

"गप्प!" प्रधानजी गरजले. "प्रत्येक विमानाची कसून तपासणी होते."

"आत काय दिसतं?"

"आत कोण जातं? आम्ही लांबून बघतो."

"लांबनं काय बघता?"

"विमान उतरलं की नाही, ते!"

दरबारात खसखस पिकली. राजाला राग आला. आधीच हट्टी, त्यात चारचौघांत हसू झालेलं!

"मी मित्राला शब्द दिलाय! माझ्या राज्यातला कुणी त्या विमानात पाऊल टाकणार नाही, त्याला हात लावणार नाही, आत काय आहे ते विचारणारही नाही. एवढं पाळून फौज दाखव. दाखवलीस तर माळ तुझा. नाहीतर मेंढरं घेऊन राज्याबाहेर चालती हो!"

माळ गेला तर मेंढरं जगायची कशी? पण मागं हटेल ती सगुणा कसली!

"उद्या सकाळी टेकडीवर या, महाराज. नुसतं बघा."

सकाळी विमान उतरलं. दार उघडं टाकून भगव्या कफन्यांतली मंडळी आत घोरत पडली. माळाच्या टोकाला सगुणा सगळा कळप घेऊन उभी होती. तिनं कुत्री सोडली आणि बोंब ठोकली, "धाड आली! पळा, धाड आली!"

मेंढरं उधळली. धुळीचा असा लोट उठला की सूर्य दिसेना. विमानातून आवाज आला, "शत्रू! शस्त्रं घ्या!" आणि धडाधड उड्या मारत भजनी मंडळी बाहेर पडली. कुणाकडे भाला, कुणाकडे ढाल! क्षणात रांग लागली. पुढं तलवार उपसून खुद्द बुवा!

धूळ बसली. समोर एक एडका उभा होता. तो म्हणाला, "बेंऽऽ!"

तोवर राजा टेकडी उतरून आला होता. बुवांनी तलवार पाठीमागं लपवली.

"बुवा, हातात काय?"

"वी... वीणा आहे, महाराज!"

"मग वाजवा की!" सगुणा म्हणाली.

बुवांचं पितळ उघडं पडलं. राजानं विमान आल्या वाटेनं परत धाडलं. आत कुणी गेलं नव्हतं, हात कुणी लावला नव्हता, शब्दही मोडला नव्हता.

प्रधानजी मात्र घामाघूम! "महाराज, सम्राट संतापतील! त्यांना कळवायचं काय?"

"त्यात काय अवघड?" सगुणा म्हणाली. "कळवा, तुमच्या भजनी मंडळींनी आमच्या मेंढरांवर चढाई केली. मेंढरांनी मोठ्या मनानं माफ केलंय!"

राजा इतका हसला की त्याला एडक्याच्याच पाठीचा आधार घ्यावा लागला. तसाच हसत त्यानं माळ तिच्या नावे केला आणि हुकूम सोडला, "यापुढं इथं कुणालाही विमान उतरवायचं असेल, तर आधी सगुणाबाईंची परवानगी घ्यायची!"