कुरतडलेले खरेदीखत

सह्याद्रीच्या एका उतारावर, हिरड्याच्या झाडाखाली, एक उंदरीण चार पिलांना घेऊन नुकतीच राहायला आली होती. बीळ तिने एका सशाकडून रीतसर विकत घेतले होते, आणि स्वतःच्या मालकीची जागा झाल्यापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हाक मारून म्हणे, "या ना, आमची जागा बघून जा! भाड्याची नाही हो, खरेदीची आहे."

त्या जंगलात जागा घेण्याची एक पद्धत होती. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने खवल्या मांजराकडे जायचे. ते जागेवर येऊन चारी बाजूंनी चालून बघे, शेजाऱ्यांना विचारी, आणि मग एकच खरेदीखत दोनदा लिही. दोन्ही प्रतींवर देणाऱ्याच्या पंजाचा ठसा उमटवला जाई. एक प्रत घेणाऱ्याला मिळे, दुसरी खवल्या मांजर आपल्या अंगावरच्या एका खवल्याखाली ठेवून देई. साऱ्या जंगलाचे दप्तर असे त्याच्या पाठीवर होते. त्या दप्तराला कधी वाळवी लागली नाही. लागणार कशी? खवल्या मांजराचे जेवणच मुळी वाळवीचे!

उंदरिणीने आपली प्रत गवताच्या गादीखाली ठेवली होती. आता मुलांनो, उंदरांचे दात तुम्हाला ठाऊकच आहेत. ते वाढतच राहतात, आणि काहीतरी कुरतडल्याशिवाय उंदरांना चैन पडत नाही. एके दुपारी खरेदीखत कौतुकाने बघता बघता तिने त्याचा एक कोपरा दातांखाली धरला. "कोपऱ्यावर काही लिहिलेलं नाही, एवढ्यानं काय होतंय?" असे म्हणत तिने कोपरा संपवला. दुसऱ्या दिवशी समास संपला. तिसऱ्या दिवशी मजकूर गेला, आणि चौथ्या दिवशी सशाच्या पंजाचा ठसासुद्धा. ती भानावर आली तेव्हा पुढ्यात नुसता भुसा पडला होता. भुसा छान मऊ होता, म्हणून तिने तो पिलांच्या अंगाखाली पसरला. आपल्या वेंधळेपणाचे तिलाच हसू आले आणि तिने ही गंमत शेजारच्या घुशीला सांगूनही टाकली.

नको तिथे तोंड उघडले की असे होते. घूस अंगाने तिच्या दसपट आणि लोभाने शंभरपट. दुसऱ्या दिवशी उंदरीण पिलांना घेऊन ओढ्यावर पाणी प्यायला गेली, आणि परत येऊन बघते तो काय, तिच्या बिळाच्या तोंडातून माती उडत होती! घूस आत शिरून बीळ चहूबाजूंनी खणत सुटली होती.

"अहो घूसबाई, हे माझं घर आहे!" उंदरीण ओरडली.

"असेल की! कागद दाखव," घूस आतूनच म्हणाली. "नाही ना? मग जागा पण नाही. जा आता, मला काम आहे."

कागद गेला की जागा गेली, अशीच उंदरिणीचीही समजूत होती. तिने पिलांना हिरड्याच्या मुळांच्या बेचक्यात बसवले. वर आकाशात घार घिरट्या घालत होती. "माझ्याच दातांनी मी तुमचं घर घालवलं रे बाळांनो," म्हणून ती मनसोक्त रडली. पण घार काही रडणाऱ्यांना सोडत नाही. म्हणून तिने डोळे पुसले, पिलांवर पाचोळा ओढला आणि ती थेट गव्याकडे गेली.

जंगलातले तंटे गवा सोडवी. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग सावकाश रवंथ करायचा, आणि रवंथ पुरता झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही त्याची रीत. त्याने घुशीला बोलावणे धाडले. घूस आली ती परातीएवढे सागाचे पान नाचवतच. पानावर चिखलाचे सात ठसे होते.

"हे माझं खरेदीखत!" ती म्हणाली. "शिवाय ताबाही माझाच. हिच्याकडे साधं चिटोरं तरी आहे का, विचारा."

उंदरीण खोटे बोलली नाही. मान खाली घालून ती म्हणाली, "महाराज, कागद होता. मीच कुरतडला."

जमलेले प्राणी खो खो हसले. माकडे तर फांदीवरून पडायचीच बाकी राहिली. गवा मात्र हसला नाही. त्याने एक घास खालून वर आणला, शांतपणे चघळला आणि घुशीला विचारले, "या पानावरचे ठसे कोणाचे?"

"माझे."

"सातही?"

"सातही! चांगले ठळक आहेत की नाही?"

"आहेत खरे. आणि ही जागा तुला विकली कोणी?"

घूस गडबडली. "विकली म्हणजे... मीच. मलाच."

"अगं, जी जागा तुझी नव्हतीच, ती तू विकणार कशी? आणि घेणार कशी? पान परातीएवढं असो नाहीतर सुपाएवढं. बोलवा रे खवल्या मांजराला!"

खवल्या मांजर दुपारचे गाढ झोपले होते. ते अंगाचे वेटोळे सोडीना, तेव्हा माकडांनी त्याला तसेच गडगडत आणले. ते आणखीच रुसून घट्ट मिटले. शेवटी उंदरिणीने त्याच्या कानाशी जाऊन हळूच म्हटले, "मामा, हिरड्याखालची जागा. सशानं दिलेली."

तेवढ्यावर एक डोळा उघडला. "हिरडा ना? डावी बाजू, शेपटीकडून नववा खवला. हलक्या हातानं काढ हो, गुदगुल्या होतात."

उंदरिणीने अलगद खवला उचलला. आत खरेदीखत जसेच्या तसे होते! खाली सशाच्या पंजाचा ठसा होता आणि वर चारी बाजू नीट लिहिलेल्या होत्या: पूर्वेस मुंग्यांचे वारूळ, पश्चिमेस ओढा, उत्तरेस काळा कातळ, दक्षिणेस करवंदीची जाळी.

"पण मामा, माझी प्रत तर मी..."

"अगं वेडे, तू कागद कुरतडलास. सशानं केलेला व्यवहार काही तुझ्या दातांत सापडला नाही. त्याची नोंद आहे माझ्याकडे. ही घे नवी नक्कल."

उंदरीण हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. गव्याने रवंथ पुरता केला आणि निकाल दिला, "जागा उंदरिणीची. घुशीनं या क्षणी बाहेर पडावं."

"आणि मी एवढं खणलं, त्याचं काय?" घूस फणफणली.

"दुसऱ्याच्या घरात खणायला तुला सांगितलं होतं कोणी?" गवा म्हणाला, आणि या वेळी माकडांबरोबर तोही हसला.

उंदरीण पिलांना घेऊन घरी आली. आत पाऊल टाकताच पिले ओरडली, "आई, केवढं मोठं झालंय आपलं घर!" खरेच, घुशीने एका बिळाची पाच दालने केली होती. इथे धान्य ठेवू, तिथे पिलांना निजवू, असे मनातले मांडे खात उंदरीण शेवटच्या दालनात पोचली. तिथली भिंत फुटली होती, आणि पलीकडे मुंग्या आपली अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या.

"बाई, ही आमच्या वारुळातली खोली," एक मुंगी धापा टाकत म्हणाली. "घुशीपुढे आमचं काही चाललं नाही. आता तुम्ही मालकीण. तुम्ही म्हणाल तसं."

दालन मोठे सुरेख होते, उबदार आणि कोरडे. उंदरिणीला क्षणभर मोह झाला. हातात नवी कोरी नक्कल होती, गव्याचा निकाल तिच्या बाजूचा होता, आणि मुंग्या तक्रार करायला जाणार नव्हत्या. तिने नक्कल उलगडली. पूर्वेस मुंग्यांचे वारूळ. सकाळी हिरड्याच्या मुळांत बसलेली आपली पिले तिला आठवली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"नाही गं," ती म्हणाली. "या कागदात जसं माझं घर लिहिलंय, तसं तुमचंही लिहिलंय. चला रे बाळांनो, माती आणा! ही भिंत आज बांधून टाकायची."

पिलांना तेवढेच हवे होते. त्यांनी माती लोटली, एकमेकांच्या अंगावर उडवली, पलीकडून मुंग्यांनी कण कण लावून फटी बुजवल्या, आणि ऊन उतरायच्या आत दोन घरांच्या मध्ये पक्की भिंत उभी राहिली.

तात्पर्य एवढेच : रीतसर नोंदलेला हक्क कागद हरवल्याने हरवत नाही, पण ज्या खताच्या बळावर आपण आपली जागा मागतो, त्याच खतातली हद्द आपणही पाळली पाहिजे.