चुकला तो बाद

कोणे एके काळी नदीच्या वळणावरच्या एका गावात एक गुरुजी होते. त्यांना दोन गोष्टी मनापासून आवडत, एक गणित आणि दुसरं मुलांचं हसणं. या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात नांदतील असं मात्र गावात कुणालाच वाटत नव्हतं. आधीचे गुरुजी छडीवाले होते. त्यांच्या काळात सातचा पाढा आला की निम्म्या वर्गाच्या पोटात दुखायला लागायचं.

या गुरुजींनी आल्या आल्या टाळीचा डाव सुरू केला. मुलं गोल करून बसत आणि ओळीने अंक म्हणत जात. चारचा डाव असेल तर चार, आठ, बारा असे चारच्या पाढ्यातले आकडे तोंडाने म्हणायचे नाहीत, तिथे नुसती टाळी वाजवायची. चुकला तो बाद. बाद झाला की उठायचं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचं. शेवटी उरेल त्याला गुरुजींच्या परसातला एक पेरू मिळे.

वर्गात असा काही दंगा उडे की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबत. सोनाराची मुलगी तर इतकी तरबेज झाली की तिच्या घरी पेरूंची चटणी व्हायला लागली. गुरुजींची छाती अभिमानाने फुगून गेली होती. आपण गणिताला हसायला शिकवलं, असं ते येईल त्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत.

हे पाटलांच्या कानावर गेलं. पाटील मोठे कडक गृहस्थ. शाळेतून हसण्याचा आवाज येतो म्हणजे तिथे शिकवणं होत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की आठ दिवसांनी मी शाळेत येतो. तुमच्या मनाने पाच पोरं निवडा आणि माझ्यापुढे उभी करा. त्यांना पाढे जमले तर तुमचा खेळ चालू द्या. नाही जमले तर तुम्ही गाठोडं बांधा, मी पुन्हा छडीवाले गुरुजी बोलावतो.

गुरुजी हसत हसत घरी आले. पाच पोरं तर त्यांच्या खिशातच होती. सोनाराची मुलगी होती, कुंभाराची जुळी होती, आणखी दोघं होती. त्यांना झोपेतून उठवलं तरी त्यांनी अचूक टाळी वाजवली असती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच चारच्या डावात बसले. सगळं छान चाललं होतं, आणि गुरुजींना पाटलांपुढचा आपला थाट डोळ्यांसमोर दिसत होता. त्या नादात त्यांची पाळी आली तेव्हा ते खणखणीत आवाजात म्हणाले, "अठ्ठावीस."

वर्गात एकच गलका उठला. गुरुजी बाद झाले होते. नियम तो नियम, त्यामुळे ते मान खाली घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिथे बसत होते.

ओट्यावर त्यांच्या आधी बाद झालेली दहा-बारा पोरं होती. एक जण मुंग्यांची रांग अडवत होता. दोघी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. आतून टाळ्या ऐकू येत होत्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यात कोष्ट्याची हौसा पाय हलवत बसली होती. तिने सरकून गुरुजींना मोठ्या अगत्याने जागा करून दिली.

"तू कधी आलीस गं इथे?" गुरुजींनी विचारलं.

"पयल्या फेरीतच. रोजचंच हाय ते," हौसा म्हणाली. "तुमी तिकडं नका बसू गुरुजी, तिथं ऊन येतं. मला सारं ठाव हाय हितलं."

गुरुजींच्या मनाला ते लागलं. ज्या पोरीला रोज शंभर टाळ्यांचा सराव हवा होता, तिच्या वाट्याला रोज एकच टाळी येत होती, आणि तीही चुकत होती. ज्या मुलांना सगळं येत होतं, तीच दिवसभर आत बसून शिकत होती. हौसाला वर्गाबाहेर काढायला आधीच्या गुरुजींना छडी लागायची. यांनी ते काम हसत खेळत केलं होतं. दुपारी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

आता करावं काय, हा प्रश्न होता. पाच पोरं तयार होती. आठ दिवस त्यांनाच घोटून घेतलं असतं तर पाटील खूश, नोकरी शाबूत, आणि हौसाचं पुढे बघता आलं असतं. गुरुजींनी संध्याकाळपर्यंत विचार केला. मग ते पाटलांकडे गेले आणि म्हणाले, "पाटील, पोरं मी निवडत नाही. तुम्ही याल त्या दिवशी अख्खा वर्ग बसेल. तुम्हाला हवं त्याला विचारा."

पाटलांना वाटलं, या माणसाला स्वतःचं भलं कळत नाही.

त्या दिवसापासून डावाचा नियम बदलला. गोलाच्या मधोमध चिंचोक्यांची टोपली ठेवली. ज्याचं चुकेल त्याने उठून बाहेर जायचं नाही, मधे यायचं. चारचा डाव असेल तर चार-चार चिंचोक्यांच्या ओळी मांडायच्या, आपण कुठे घसरलो ते स्वतः शोधायचं आणि पुन्हा डावात बसायचं. सोनाराची मुलगी दोन दिवस फुरंगटून बसली, कारण आता पेरू सगळ्यांत वाटून जायला लागला. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच हौसाच्या ओळी सरळ करायला मधे आली.

आठवा दिवस उजाडला. पाटील आले आणि त्यांनी सातचा डाव मांडायला सांगितला. ते गोलामागून फिरत आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवत त्याने पुढचा आकडा म्हणायचा. एकेचाळीस झाले आणि पाटलांचा हात हौसाच्या डोक्यावर आला.

"बेचाळीस," हौसा म्हणाली.

पाटलांनी गुरुजींकडे बघून मिशी पिळली. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. हौसा मात्र कुणी सांगण्याची वाट न बघता मधे सरकली होती. तिने सात-सातच्या ओळी मांडल्या, बोटाने मोजल्या आणि म्हणाली, "सा वळी झाल्या. टाळी पायजे हुती." मग ती परत जागेवर जाऊन बसली. पाटलांनी मुद्दाम त्रेसष्टला पुन्हा तिच्याच डोक्यावर हात ठेवला. ती ओठ हलवत थोडा वेळ थांबली आणि तिने टाळी वाजवली.

पाटील पुढे आले. त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि ते हौसाशेजारी मांडी घालून बसले. म्हणाले, आठचा होऊ द्या, मीही आहे. डाव रंगला. पाटलांनी चाळीसला झकास टाळी दिली आणि ते लहान पोरासारखे खुलले. पण पुढच्या फेरीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छप्पन."

मुलं खो खो हसली. पाटलांचा चेहरा मात्र एकदम उतरला, आणि त्यांनी नकळत उजवा हात पुढे केला. तळवा वर होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते. चाळीस वर्षांपूर्वीची छडी खाण्याची सवय ती. गुरुजींना ते कळलं.

हौसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आजोबा चिंचोके मागताहेत. तिने टोपलीतून ओंजळभर चिंचोके उचलले आणि त्या उघड्या तळव्यावर ओतले.

"घ्या आजोबा," ती म्हणाली. "आठ-आठच्या वळी मांडा. ज्याचं चुकतं त्याला पुन्यांदा डाव असतो."

पाटलांनी डोळे उघडले. हातात चिंचोके होते. मग मधे सरकून त्यांनी सात ओळी मांडल्या, अगदी सावकाश, आणि त्या पूर्ण होईपर्यंत वर्गात कुणी घाई केली नाही. जाताना त्यांनी छडीवाल्या गुरुजींचा विषयच काढला नाही. उद्या डाव किती वाजता सुरू होतो, एवढंच विचारून ते गेले.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: जो चुकतो त्यालाच डावाची सगळ्यात जास्त गरज असते, म्हणून त्याला बाहेर बसवू नये, मधे घ्यावं.