वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

"पुन्हा नवे कॉम्प्युटर?" भद्रसेन महाराज सिंहासनावरून अर्धे उठले. "गेल्याच वर्षी सगळ्या कचेरीला घेऊन दिले होते! ते काय खाल्लेत तुम्ही?"

दरबारात तिघंजण माना खाली घालून उभे होते. राज्याचे नकाशे काढणारी सगुणा, दरबारी गवयांची गाणी ध्वनिमुद्रित करणारे नादोपंत आणि महाराजांच्या मिरवणुकांच्या फिल्मा जोडणारा एकोजी.

सगुणानं धीर केला. "महाराज, अख्ख्या राज्याचा नकाशा उघडला की यंत्र डोळे पांढरे करतं. नदी डोंगरातून निघते ती अर्ध्या वाटेत अडते. ती समुद्राला मिळेपर्यंत माझा स्वयंपाक होऊन जातो!"

"माझ्या यंत्राचा पंखा घरघरतो," नादोपंत म्हणाले. "बुवा भूपाळी गातात आणि मागे कुणी घोरतंय असं ऐकू येतं. शिव्या मला बसतात!"

"आणि माझ्या यंत्रात जागाच उरली नाही," एकोजी म्हणाला. "महाराजांची दसऱ्याची मिरवणूक ठेवायची, तर पाडव्याची पुसावी लागते."

"आम्हाला पुसता?" महाराजांना हे फारच लागलं. एकदा राजहट्ट पेटला की त्यापुढे कुणाचं काय चालणार! "ठरलं तर! सगळ्यांना एकाच जातीचं यंत्र, आणि तेही एकदाच. युवराज गादीवर बसेपर्यंत कुणी नवं मागायचं नाही, कुरकुरायचंही नाही! असं यंत्र कसं असावं ते उद्या दरबारात सांगा. नाही जमलं, तर तिघंही हत्तीखान्यात लीद उपसायला!"

युवराज तेव्हा सहा वर्षांचे होते.

"कशाला यांना त्रास, महाराज?" शोभनराव प्रधान लगबगीनं पुढे आले. "मी यंत्र हेरूनच ठेवलंय. पापडासारखं पातळ, आरशासारखं लखलखीत! ना झाकण, ना स्क्रू, ना कुठे फट!" गेल्या वर्षीची यंत्रंही त्यांनीच हेरली होती. ती विकणारं दुकान त्यांच्या मेहुण्याचं निघालं, हा आपला योगायोग.

सगुणा दिवसभर कचेरीत फिरली. कुणाला काय हवं, ते विचारत सुटली. व्यक्ती तितक्या प्रकृती! एकोजीला कोठारं हवी होती, नादोपंतांना श्वासही न घेणारं यंत्र हवं होतं. म्हाताऱ्या दिवाणजींची मागणी एवढीच, "बाई गं, ते वायर खुपसायचं भोक पुढच्या अंगाला असू दे! दर खेपेला धोतर सावरत टेबलाखाली रांगावं लागतं."

सगुणाला हसू आलं आणि पाठोपाठ हत्तीखानाही आठवला. नकाशांवर तिचा जीव होता. हत्ती तिला आवडत, पण लांबून!

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तिचे आप्पा दारातच बसून शिवत होते. ते राजवाड्याचे शिंपी. मांडीवर युवराजांचा नवा अंगरखा होता. सगुणा त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम टाळी वाजवून म्हणाली, "आप्पा, उद्या हा मी पोचवते!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सगुणानं अंगरखा उलगडला.

"अगं, आम्ही यंत्र विचारलं होतं!" महाराज म्हणाले.

"तेच दाखवते, महाराज. हा अंगरखा आज युवराजांना बसतो. पुढच्या वर्षी काय करायचं?"

"टाकून द्यायचा! नवा शिवायचा!" प्रधानजी मध्येच बोलले.

"छट्!" महाराज उसळले. "आमच्या आईसाहेबांनी असं कधी होऊ दिलं नाही. वाढत्या अंगाचा शिवायचा असतो!"

"तसाच शिवलाय." सगुणानं बाहीची टीप उसवली आणि बाही बोटभर लांब झाली. "शिवणीत कापड दाबून ठेवलंय. युवराज आणखी वाढले तर बगलेत कापडाची कळी जोडायची. अंगरखा तोच! महाराज, कामाचंसुद्धा अंग वाढतं. आज एका गावाचा नकाशा, उद्या अख्ख्या राज्याचा! म्हणून आम्हाला कॉम्प्युटर हवा तो वाढत्या अंगाचा. पेटी सगळ्यांना एकच, पण तिला झाकण हवं आणि आत मोकळी जागा. मला अडलं की मी मेमरी वाढवीन, एकोजी नवी डिस्क घालील, नादोपंत घरघरणारा पंखा काढून मुका पंखा बसवतील. पेटी तीच राहील! आणि दिवाणजींचं भोक तेवढं पुढच्या बाजूला द्या."

दिवाणजींनी भर दरबारात हात जोडले.

"झाकण?" प्रधानजी किंचाळले. "अहो, फट दिसेल! शोभा जाईल! माझ्या यंत्रात कसं, सगळं आतल्या आत कायमचं चिकटवून टाकलेलं!"

"खरंच की!" सगुणानं कनवटीची सुई काढून दोरा ओवला. "तुमच्या अंगरख्याच्या या गाठीही शोभा घालवतात, प्रधानजी. या असे पुढे. अंगावरच कायमचा शिवून टाकते. कुठे फट दिसली तर सांगा!"

प्रधानजी दोन पावलं मागे सरले. "आणि उद्या माझं पोट वाढलं म्हणजे?"

"मग काय, नवा प्रधान आणू!" सगुणा म्हणाली. "तुमच्या यंत्रांचं दर वर्षी तेच तर करतो!"

मग महाराज असे काही हसले, असे काही हसले, की डोक्यावरचा मंदिल कानावर आला! डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि सगुणाला दिलं. झाकणाच्या पेट्या मागवायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला, आणि तोही प्रधानजींच्या मेहुण्याला वगळून.

"पोरी, आणखी काय हवं ते माग!"

"महाराज, थोडंसंच द्या," सगुणा म्हणाली, "पण वाढत्या अंगाचं द्या!"

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. ते तसेच खजिनदाराकडे वळले. "ऐकलंत? हिच्या पगाराची दर पाडव्याला एक टीप उसवायची!"