धारेच्या घाटातलं दळण

धारमाथ्याला मोटारीची चाकं लागली त्या काळातली ही हकिकत. ते दिवस पाहिलेलं माणूस आता एकही हयात नाही, म्हणून तर ती इतकी ठामपणे सांगता येते.

धारमाथा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं गाव. वर नाचणी पिकायची, हिरडा मिळायचा, मध मिळायचा; पण मीठ, रॉकेल आणि लोखंड खालून आणावं लागायचं. खालून येणारी वाट एकच, ती धारेच्या घाटातली. त्या घाटात तेव्हा एकच मोटार चालायची, चिमाजीची. लष्कराने टाकून दिलेला जुना ट्रक त्याने लिलावात घेतला होता. पुढून लोखंडी हँडल फिरवलं की तो सुरू व्हायचा. तो खाली सुरू झाला की वर गावातल्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या, असं म्हणतात.

चिमाजी गाडी चालवायचा आणि त्याचा क्लीनर होती त्याची बायको, हौसा. दुसरा कोणी त्या कामावर टिकत नसे. घाट चढताना इंजिन उकळायचं, गाडी थांबायची आणि मागे घसरू लागायची. ब्रेकवर भरवसा नव्हता. म्हणून गाडी थांबता थांबता हौसा खाली उडी मारायची, हाताला येईल तो दगड उचलून मागच्या चाकामागे लावायची, मग पाणी आणून इंजिनात ओतायची. गाडी पुन्हा सुरू झाली की चिमाजी ती थांबवत नसे, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघेल याचा नेम नव्हता. हौसा पळत येऊन ट्रकच्या मागच्या फळीला लटकायची. दगड मात्र रस्त्यातच राहायचा. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

हौसाला एकच खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. पाणी ओतल्यावर वाफ का येते, गाडी उतारावर का पळते, कावळा फळीवरच का बसतो. चिमाजी वैतागून म्हणायचा, "अगं, ते असंच असतंय." तेवढ्याने तिचं समाधान कधी झालं नाही.

एकदा हिरड्याची पोती भरून दोघं घाट उतरत होती. वाकड्या वळणावर पुढचं चाक कशावर तरी चढलं, चिमाजीच्या हातातलं स्टिअरिंग हिसकलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला जाऊन आदळली. दरीकडे गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. हौसा कारवीच्या झुडपात फेकली गेली. चिमाजीचा डावा पाय आत अडकला. पाय वाचला, पण गुडघा काठीसारखा ताठ झाला. त्या पायाने क्लच दाबणं आता शक्य नव्हतं.

गाव म्हणालं, वळणावरच्या साती आसरांनी केलं. नारळ फोडले गेले. हौसाने नारळाला हात जोडले आणि मग चालत वळणावर गेली, कारण गाडी नेमकी कशावर चढली ते तिला बघायचं होतं. रस्त्यात एक पांढऱ्या रेघेचा दगड पडला होता आणि शेजारी तेलाचा काळा डाग होता. त्यांची गाडी पोटाखालून ठिबकायची. जिथे थांबेल तिथे असा डाग पाडून यायची. दगडही तिने ओळखला. वर चढताना तिनेच तो चाकामागे लावला होता.

ती घरी आली आणि बाजेवर पडलेल्या नवऱ्याला म्हणाली, "धनी, दगड माझाच हुता."

चिमाजी कोपरावर रेटा देऊन उठून बसला. मग म्हणाला, "ठेवलास तू. पर तुला त्यो उचलाय थांबलो न्हाई मी."

दोघं खूप रडली. त्यानंतर त्या दगडावरून एकमेकांना त्यांनी कधी बोल लावला नाही. पण हौसाच्या जिवाला घोर लागला. पुन्हा गाडी घाटात जाईल तेव्हा आपला एकही दगड मागे राहता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"गाडीच कुठं जाती आता?" चिमाजी म्हणाला. "भंगारात घाल."

"घालीन की. आधी आत काय हाय ते तर बघू द्या."

बैलांनी ओढून गाडी अंगणात आणली आणि हौसाने ती उकलायला घेतली. एकेक भाग काढायचा, रॉकेलने पुसायचा, गोधडीवर ओळीने मांडायचा आणि नवऱ्याला दाखवून विचारायचं, "ह्ये कशाला?" जे ठाऊक होतं ते चिमाजी सांगायचा. जे ठाऊक नव्हतं ते तो ठोकून द्यायचा आणि हौसा ते बरोबर पकडायची. मग दोघं त्यावर वाद घालायची. बाया कामं टाकून कुंपणाशी येऊन बसायच्या. हौसाची गाडी बघायला बाहेरगावचे पाहुणे मुक्काम वाढवायचे, असं म्हणतात. मोडलेले स्प्रिंगचे पाटे गोपा लोहाराने भट्टीत घालून जोडले आणि वाकलेला आस सरळ केला. सगळं पुन्हा जोडल्यावर एक बोल्ट हातात उरला. तो कुठला ते चिमाजीलाही सांगता आलं नाही. पण गाडी पूर्वीपेक्षा बरी चालू लागली, तेव्हा त्या बोल्टाचीच सगळी खोड होती असं गावाने ठरवून टाकलं.

आता पेच एकच होता. चिमाजीकडून शिकून गाडी हौसाच चालवणार, मग दगड लावणार कोण आणि उचलणार कोण? तिने पुष्कळ विचार केला. मग एका सकाळी दळायला बसलेली ती मध्येच उठली, जात्याची वरची तळी काढून डोक्यावर घेतली आणि थेट गोपाच्या भट्टीवर गेली. जातं सासूच्या सासूचं, वीतभर जाड. मधोमध धान्य टाकायचं भोक.

"यात साखळी ओव," ती म्हणाली. "गाडीला मागनं बांधायचं. चढाला चाकामागं फरफटत यील. थांबलं तर टेकण, निघालं तर बरूबर."

गोपाने तळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "वैनी, ह्ये जातं हाय."

"मग? दगुडच की."

गाव खवळलं. लग्नात ज्याची पूजा करायची, चुकून पाय लागला तर ज्याच्या पाया पडायचं, ते या बाईने मोटारीच्या बुडाखाली बांधलं! बाया म्हणाल्या, घर बुडणार. चिमाजीलाही रुचलं नव्हतं. "आता दळणार कशावर?" त्याने विचारलं.

"शेजारणीकडं जाईन. दळायला शेजार हाय. घाटात कोण हाय?"

तोवर गावातलं मीठ संपलं होतं; बैलगाडीतून चिमूटभर येई, ते पुरत नसे. आमटी अळणी, भाकरी अळणी, लोणच्याच्या बरण्या रिकाम्या. माणसं चिडचिडी झाली होती. ज्या बाया नावं ठेवत होत्या त्याच आता कुंपणाशी येऊन, कधी जातीस, म्हणून विचारू लागल्या.

हौसा खाली गेली, मिठाची पोती भरली आणि निघाली. जात्याची तळी मागे घरघरत होती. तिच्यामागून भिकोबा कुंभाराची बैलगाडी चढत होती. गाडीत मडकी, मडक्यांच्या मधे गवतावर भिकोबाची सून आणि तिच्या मांडीवर तान्हं बाळ.

वाकड्या वळणावर इंजिन उकळलं आणि बंद पडलं. हौसाने ब्रेक दाबला, तो पार खाली गेला आणि तिथेच राहिला. मिठाने भरलेला ट्रक मागे सरकू लागला. मागे बैलगाडी होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. भिकोबाला वळायला जागा नव्हती. हौसाला सगळं ठाऊक होतं आणि हातात काहीच नव्हतं. पण तिने डोळे मिटले नाहीत, कारण काय होतं ते तिला बघायचं होतं.

चाक तळीवर आलं. साखळी सैल पडली. तळी अडली, पण ओझं इतकं की तळीच रस्त्यावर मागे रेटली जाऊ लागली आणि रेटता रेटता गरगर फिरू लागली. खालची खडी तिने दळली. पांढरं पीठ उडालं, बैल पांढरे झाले, भिकोबाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, असं म्हणतात. मग घरघर मंदावली आणि ट्रक थांबला. ट्रकची फळी आणि बैलांची शिंगं यांच्यात एक हात मावेल एवढीच जागा उरली होती.

भिकोबाने मिशा झटकल्या. "बाई, झालं का दळून?"

"झालं. गाडीला पाणी पाजती, तवर दम खावा."

गाडी निघाली. वळण चढून गेल्यावर हौसाने दारातून वाकून मागे पाहिलं. रस्त्यावर एकही दगड नव्हता. तेव्हा मात्र तिला हुंदका आवरला नाही, आणि ती तशीच रडत मीठ घेऊन गावात शिरली. त्या दिवसापासून घाटात घरघर ऐकू आली की वर बाया म्हणायच्या, हौसाईचं दळण आलं.

हौसाईने ती गाडी म्हातारी होईपर्यंत चालवली. मधे घाटात इतरांच्या गाड्या आल्या. ते क्लीनर दगड लावायचे आणि तिथेच सोडून जायचे. हौसाई ज्याला त्याला सांगून थकली. मग तिने सांगणं सोडलं. दगड दिसला की ती थांबायची, उतरायची, तो उचलून वाकड्या वळणावर दरीच्या कडेला नेऊन रचायची. लोक हसायचे. लोक हसतातच.

एका धुक्याच्या सकाळी तिची गाडी वळणावर उभी सापडली. इंजिन कोमट होतं, तळी चाकामागे होती, दार उघडं होतं. हौसाई नव्हती. गावाने दोर लावून दरी शोधली, रान धुंडाळलं. तिच्या साडीची चिंधीसुद्धा मिळाली नाही. दरीच्या कडेला रचलेल्या दगडांवर एक दगड नुकता ठेवलेला होता, त्याच्या बुडाला लागलेली माती अजून ओली होती. कोणी म्हणतं तिचा तोल गेला. कोणी म्हणतं, दरीत काय आहे ते बघायला ती स्वतःच उतरली आणि बघण्यासारखं इतकं आहे की अजून वर आलेली नाही. मला विचाराल तर मला हे दुसरं पटतं.

त्याच पावसाळ्यात, तिला हसणाऱ्यांपैकी एकाचा ट्रक धुक्यात घसरला आणि दगडांच्या त्या रचलेल्या ओळीवर टेकून राहिला. खाली उतरल्यावर तो माणूस दगडांना हात लावून लहान पोरासारखा रडला.

आता ती ओळ माणसाच्या कमरेएवढी झाली आहे आणि तिला हौसाईचा कठडा म्हणतात. धारेच्या घाटात रस्त्यात दगड दिसला की गाडी थांबते. क्लीनरला उतरू देत नाहीत. चालवणारा स्वतः उतरतो, गाडीत मालक असला तर मालकही उतरतो, आणि दगड उचलून कठड्यावर ठेवतो. कोणी टाकला, हे त्या घाटात विचारत नाहीत. ज्याला दिसला, त्याचा.