अर्ध्या वाकळींची खोली

"आणि ही? ही कुणी टाकली अर्धी?"

हौसानं गाठोड्यातून आणखी एक वाकळ ओढून काढली. धुरळा उडाला तसा दोघींनाही ठसका लागला.

पारूआई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले.

"आठवत नाही गं."

"आणि ही हिरव्या लुगड्याची?"

"मिरजेची कुणीतरी होती. मुलगा न्यायला आला... गेली."

"अशी? टाका अर्ध्यात ठेवून?"

"सुईसुद्धा तशीच ठेवून."

खरंच की! सुई कापडात टोचलेली होती, पार गंजून गेलेली. हौसानं ती उपसून काढली तर कापडाला तांबडा डाग पडलेला.

"शोभतं का हे बायकांना?" हौसा म्हणाली आणि तिनं ट्रंकेचं झाकण धाडकन आपटलं.

मठातली ही शिवणाची खोली. गावोगावच्या बाया जुनी लुगडी आणून टाकायच्या. मठात राहायला येणाऱ्या बायका त्यांचे थर लावून, धावदोरा घालून वाकळी शिवायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला थंडीत पांघरायला उपयोगी पडायच्या. काही पुऱ्या व्हायच्या, बऱ्याचशा व्हायच्या नाहीत. अर्ध्या राहिलेल्या पेट्यांत जायच्या, पेट्या भरल्या की गाठोड्यांत. तिथं कुणी फिरकतसुद्धा नसे.

हौसाला मात्र राहवलं नाही. साठीला टेकलेली बाई, नवरा गेल्यावर पारूआईंकडं अनुग्रह मागायला मठात आलेली. पदर खोचला आणि घुसली खोलीत. कुणी सांगितलं नव्हतं. पारूआई कुणाला काही सांगतच नसत, हीच तर त्यांची खोड होती.

रिळं एका डब्यात गेली, चिंध्या पोत्यात गेल्या, आणि अर्ध्या वाकळींचा ढीग मात्र कमरेइतका झाला. हौसाच्या अंगाचा नुसता भुगा झाला होता. पण बसेल तर शपथ.

कमरेला खोचलेला मोबाईल वाजला. तिनं बघितलं आणि तो बंद केला.

"कुणाचा गं?"

"विलासचा. भाच्याचा."

"काय म्हणतो?"

"तेच आपलं. आक्का अंथरुणाला खिळलीय. माझ्या नावाचा धोशा लावलाय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलंय, आता घरीच ठेवा."

"मग?"

"जाईन की. पलूस काय लांब आहे? एवढ्या वाकळी हातावेगळ्या करते आणि जाते. अर्धवट टाकून जायची माझी रीत नाही, आई. उभ्या जन्मात कधी टाकलं नाही."

पारूआईंनी डोळे उघडले. ढिगाकडं बघितलं... मग हौसाकडं... आणि पुन्हा मिटले.

हौसानं हिरवी वाकळ जमिनीवर अंथरली, तिच्यावरच बसकण मारली आणि नव्या सुईत दोरा ओवला. कडेकडेनं शिवत आत जायचं, मधोमध आलं की संपलं. काम सोपं, पण थर जाड होते. सुई बोटाला बोचत होती आणि ती प्रत्येक टाक्याला मिरजेच्या त्या बाईचा उद्धार करत होती.

बराच वेळ नुसता दोऱ्याचा सरसर आवाज येत राहिला.

"दमलीस," पारूआई म्हणाल्या.

"दमले तर दमले. सांगते कुणाला?"

"मला सांग."

हौसाचा हात चालूच राहिला, पण आवाज उतरला.

"दमलेय, आई. फार दमलेय. हाडन्‌हाड ठणकतंय. आणि पडलं तरी झोप कुठाय? डोळा लागला की आक्का येते समोर."

"काय करते?"

"...वाढते."

पारूआईंनी तोंड तिच्याकडं वळवलं.

"आमच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, तिच्या घरी," हौसा आपणहून सांगू लागली. "पंगत बसलेली. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. मी आपलं सहज म्हटलं, आक्के, मीठ पडलंय गं. झालं! सगळ्या पंगतीदेखत म्हणाली, तुला काय कळणार लेकुरवाळ्या घरचा स्वयंपाक?"

सुई वर आली, खाली गेली.

"सख्खी बहीण, आई. मला मूल नाही म्हणून देवळात नवस बोलणारी तीच. आणि तीच असं बोलली."

"मग?"

"मग काय? उठले."

"ताटावरून?"

"अर्ध्या ताटावरून. हातसुद्धा धुतला नाही. उष्ट्या हातानं एस.टी.त बसले. ती दारापर्यंत आली होती, हाका मारत होती. मी मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर तिच्या दारात..."

हौसाचा हात थांबला होता. मांडीखालच्या त्या अर्ध्या वाकळीकडं ती बघत बसली.

मोबाईल पुन्हा वाजला. ह्या खेपेला तिनं कानाला लावला.

"मावशी," विलास म्हणाला, "ती आता बोलत नाही गं. नुसती दाराकडं बघते. येतेस का?"

"आले! आले रे बाबा, निघालेच!"

हौसा ताडकन उठायला गेली आणि धपकन खाली बसली. पुन्हा उठली, तर तिच्यासोबत अख्खी वाकळ उठली. साडीचा घोळ खाली पसरलेला, बोलण्याच्या नादात बाईनं वाकळीबरोबर स्वतःलाच शिवून टाकलं होतं!

"अगं बाई माझे! आता गं काय करू?"

ती पुन्हा खाली बसली आणि टाके चाचपू लागली.

"थांबा, उसवते. एकेक टाका उसवते. दुहेरी दोरा घातलाय मेला... वाकळीला धक्का लागायला नको... शेवटची एस.टी. किती वाजता असते, आई?"

तिचे डोळे भरून आले होते. टाका दिसत नव्हता. ती नखानं दोरा ओढत होती आणि दोरा काही निघत नव्हता.

पारूआई जागच्या हलल्या. उभं राहणं त्यांना जमत नसे, म्हणून बसल्या बसल्याच सरकत आल्या. पारूआई म्हणजे बोटभर दोरासुद्धा फेकू न देणारी बाई. उरलेला दोरा रिळाला गुंडाळून ठेवणारी. त्यांनी हौसाच्या डब्यातली कात्री घेतली, साडी बाजूला केली आणि कात्री वाकळीतच चालवली. कर्रकन आवाज झाला. चारही थर कापले गेले.

"आई! वाकळ कापलीत!"

"हं."

"एवढी शिवत आणली होती..."

"हं."

हौसा उठली. साडीला हिरव्या लुगड्याचा वीतभर तुकडा लोंबत होता. तिनं तो झटकला, तर निघेना. तशीच पिशवी उचलली, चपला शोधल्या, दारापर्यंत गेली आणि अडली.

"आई, पण मी जाऊन बोलू काय तिच्याशी? एवढ्या वर्षांनी... तोंड कसं दाखवू? आणि ती काहीच बोलली नाही तर?"

पारूआई तोवर कापलेली वाकळ घडी घालून गाठोड्यात ठेवायला लागल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बोलायला कोण सांगतंय? जेवून ये."