गोबेरची विहीर आणि सेर्वालांचा शब्द

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा फ्रान्स देशात राजा एक होता आणि हुकूम मात्र शंभर जणांचे चालत. ज्याच्या ताब्यात टेकडी, त्याचा गड. आणि ज्याचा गड, त्याचाच कायदा. लुएन नदीच्या खोऱ्यात सेर्वाल नावाचं असंच एक सरदार घराणं होतं. बाप वारला तशी दोघा भावांनी जहागीर वाटून घेतली. वाटणी झाली की भांडण संपतं, हे काही खरं नाही. धाकट्या एब्लनं नदीकाठी गड बांधला. त्याचा बुरूज थोरल्या आन्सोला रोज खिडकीतून दिसायचा, आणि तेवढ्यानं त्याच्या घशाखाली घास उतरेना. मग त्यानं खोऱ्यातला सगळ्यात उंच, उघडाबोडका कडा निवडला आणि त्यावर दुप्पट उंचीचा बुरूज चढवला.

गड बांधण्याआधी पाणी बघावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आन्सोनं उंची बघितली, पाणी बघितलंच नाही. कड्यावर पावसाचं पाणी साठवायचं एक टाकं होतं, ते उन्हाळ्यात तळ दाखवायचं. म्हणून पायथ्याच्या मोर्वाय गावावर पाण्याची वेठ बसली. घरटी दोन घागरी, रोज, कडा चढून.

त्या गावात गोबेर नावाचा विहिरी खणणारा होता. तो जमिनीला कान लावायचा आणि खाली पाणी कोणत्या अंगानं चाललंय ते सांगायचा, असं म्हणतात. एका हिवाळ्यात वाटेवर बर्फ साचला होता, आणि त्याची बायको घागरींसकट कड्यावरून खाली गेली. तिला मातीत ठेवून गोबेर गडावर आला. तो रडला नाही, भांडला नाही. आवारात आडवा झाला, खडकाला कान लावला, आणि उठून धन्याला म्हणाला की इथं पाणी आहे, पण फार खोल आहे. मला खणू द्या. आन्सो हसला. खण म्हणाला, पण पाणी लागेपर्यंत वेठ चालूच राहील.

गोबेर अकरा वर्षं खणत होता. त्याची मुलगी पेरोनेल वर रहाटापाशी उभी राहून दगडांच्या टोपल्या ओढायची. ओढता ओढताच ती मोठी झाली. विहीर इतकी खोल गेली की गोबेरला तळातून भर दुपारी चांदण्या दिसत, असं म्हणतात. त्याच्या हातोड्याचा आवाज खाली मोर्वायच्या चुलींपर्यंत यायचा, आणि भाकरी भाजणाऱ्या बाया एकमेकींना सांगायच्या, गोबेर अजून आहे गं.

बाराव्या वर्षी, कापणीच्या दिवसांत, एब्ल फौज घेऊन भावावर चालून आला. वेठ करणाऱ्या गावाला संकटात गडाचा आसरा, असा त्या देशाचा रिवाज होता. सगळं मोर्वाय गडात आलं, दार लागलं, वेढा पडला. पाऊस नव्हता. टाकं बोटाबोटानं उतरू लागलं.

अशा वेळचा आणखी एक रिवाज होता, तो सांगताना माझी जीभ जड होते. जे लढू शकत नाहीत त्यांना म्हणायचं ‘रिकामी तोंडं’, आणि दाराबाहेर काढायचं. वेढा घालणारे त्यांना पुढे जाऊ देत नसत. मग म्हातारेकोतारे, बाया, पोरं तट आणि छावणी यांच्यामधल्या पट्ट्यात तहानेनं मरत. आन्सोनं अशा त्रेचाळीस जणांना काढायचं ठरवलं. त्यांत पेरोनेल होती.

हे कळलं तसा गोबेर विहिरीतून वर आला. सगळ्यांदेखत त्यानं आन्सोपुढे गुडघे टेकले आणि जोडलेले हात पुढे केले. एक सरदार दुसऱ्याला इमान वाहायचा तो असा. एकानं जोडलेले हात पुढे करायचे, दुसऱ्यानं ते आपल्या हातांत घ्यायचे. घेतले की रक्षणाचा शब्द बांधला गेला. पण हे मोठ्यांमोठ्यांतलं. एका विहीर खणणाऱ्यानं असे हात पुढे केलेले कुणी पाहिले नव्हते.

“धनी, तीन दिवस द्या,” गोबेर म्हणाला. “तोवर कुणाला बाहेर काढू नका. पाणी लागल्याशिवाय मी वर येत नाही.”

शिपाई बघत होते, गाव बघत होतं. आन्सोनं ते फुटलेले हात आपल्या हातांत घेतले आणि शब्द दिला.

दोन दिवस हातोडा थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज बंद पडला. पेरोनेलनं हाका मारल्या, दोर हलवला. खालून काही नाही. दुपारी आन्सोनं दार उघडायला सांगितलं.

“तीन दिवस अजून भरले नाहीत, धनी,” पेरोनेल म्हणाली.

“शब्द तुझ्या बापाला दिला होता. तो मेला, मी सुटलो.”

त्या घराण्यांच्या कायद्यात हे बसत होतं, बरं का. इमान माणसाशी, माणूस गेला की इमान संपलं. शब्द कसा बांधायचा आणि कसा सोडवायचा हे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शिकली, पण तो कुणासाठी मागितला होता हे बघायला शिकली नाहीत. त्रेचाळीस जण बाहेर गेले आणि दाराला अडसर पडला.

अडसर पडला आणि खडकाच्या पोटात गडगडाट झाला, असं म्हणतात. शिपाई विहिरीवर वाकले तर पाणी चढत होतं. त्यांनी पोहरा सोडला, तो बुडाल्याचा आवाज आला, आणि ओढला तर कोरडा. पुन्हा सोडला, पुन्हा कोरडा. मग आन्सोनं स्वतः रहाट धरला. या खेपेला पोहरा जड लागत होता. काठाशी आला तेव्हा त्याचं लाकूडसुद्धा ओलं नव्हतं. आत गोबेरचा हातोडा होता.

आन्सोनं हातोडा काठावर ठेवला. मग त्यानं आपल्या हातांनी अडसर काढला आणि एब्लच्या बाणांच्या टप्प्यात एकटा, उघड्या डोक्यानं चालत गेला. पेरोनेल एका म्हातारीला तटाच्या सावलीत बसवत होती. सेर्वालांचा थोरला तिच्यापुढे धुळीत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं जोडलेले हात पुढे केले.

ते हात घ्यावेत असं तिला वाटलं नाही. कसं वाटेल? पण तिच्यामागे बेचाळीस जण होते.

“शब्द मला नको,” ती म्हणाली. “ह्यांना द्या. आणि हे मेले तरी त्यातून सुटू नका.”

आन्सोनं मान डोलावली, तेव्हा तिनं त्याचे हात घेतले.

सगळे आत आले आणि पोहरा काठोकाठ भरून वर आला. लोक प्याले, गुरं प्याली, आणि उरलेलं पाणी त्यांनी तटावरून खाली ओतलं. ते ओघळताना पाहून एब्ल काय ते समजला आणि त्यानं वेढा उठवला. पाण्याची वेठ त्या दिवसापासून बंद झाली. गोबेर मात्र वर आला नाही. विहीर उपसून त्याला शोधायचे खूप प्रयत्न झाले, पण पाणी हातभरही उतरलं नाही. आपण बाहेर गेलो होतो, पुन्हा आत आलो, हे बापाला कळलं की नाही, एवढंच पेरोनेलला जन्मभर सलत राहिलं.

आता दोन्ही गड ढासळलेत. सेर्वालांचा वंशही संपला. पण कापणी उरकली की मोर्वायचं गाव अजून कडा चढतं आणि मोडक्या दाराबाहेर थांबतं. त्या वर्षी गावात जो सगळ्यात शेवटी राहायला आला असेल, त्याच्यापुढे गावचा प्रमुख गुडघे टेकून जोडलेले हात पुढे करतो. त्यानं ते घेतले की मगच सगळे दारातून जातात. तहान कितीही लागलेली असो, पोहरा लगेच सोडत नाहीत. आधी कुणीतरी काठावर वाकतं आणि खाली सांगतं, “गोबेर, सगळे आत आहेत.”