पाचवी खेप

"मग दोन ओळी लिहाल ना, गुरुजी?"

सुहास तारीने हे दुसऱ्यांदा विचारलं. नाटेकर गुरुजी ओटीवर बसून त्याच्या नव्या पुस्तकाचं बाड चाळत होते. 'शाब्दिक उदाहरणे दहा सेकंदांत'. शहरात सुहासच्या गणिताच्या क्लासला रांगा लागत. तरी छपाई त्याने अडवून धरली होती, ती या दोन ओळींसाठी. गुरुजींच्या तोंडून एक 'शाबास' ऐकायची आस त्याला चौथीपासून होती, आणि गुरुजी आता नव्वदीला टेकले होते.

गुरुजी पान उलटत राहिले.

"यात पायऱ्या कुठं आहेत?"

"काढून टाकल्या. काय दिलंय, काय काढायचंय, रीत, ताळा... एवढं लिहायला आता वेळ कुणाला आहे, गुरुजी?"

"हं..."

गुरुजींनी समोर पाहिलं. खाली खाडी होती. तिच्यावर पूल झाला आणि माणसं पलीकडे नेणारी होडी बंद पडली, त्याला वीस वर्षं झाली. ती होडी सुहासचा बाप चालवायचा. पाणी बघून सुहासला चौथीतलं वनभोजन आठवलं.

त्या सकाळी याच गुरुजींनी गणित घातलं होतं. मुलं बत्तीस, गुरुजी एक, होडीत एका खेपेला आठ जण. सगळ्यांना पलीकडे न्यायला खेपा किती? बाकीची पोरं पाटीवर 'दिलेली माहिती' लिहीत बसली. हा तर होडीवाल्याचा पोरगा, याला कोण खेपा शिकवणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, चार.

गुरुजी नुसते "बरं" म्हणाले. सुहासच्या बापाला सांगून ठेवलं, चारच खेपा मार.

शिपाई जेवणाचं सामान घेऊन आधीच पलीकडे गेला होता. चार खेपांत बत्तीस पोरं उतरली. पंगत बसली, पानं वाढली, आणि गुरुजी कुठं दिसेनात. ते अलीकडच्या काठावर भर उन्हात पंचा डोक्यावर ओढून बसले होते. सुहास भरल्या पानावरून उठला. रडत रडत बापाकडे गेला आणि पाचव्या खेपेला स्वतः वल्हं धरून बसला. गुरुजी होडीत चढले. रागावले नाहीत. त्यापेक्षा छडी परवडली असती. पलीकडे पोचल्यावर आपल्या पानातला लाडू मात्र त्यांनी त्यालाच दिला.

सुहासला हसू आलं आणि डोळेही भरले. तसले दिवस आता कुठले यायला.

"यंदा क्लासला मुलं किती?" गुरुजींनी विचारलं.

"तीन तुकड्या, चाळीस-चाळीसच्या." सुहास जरा ताठ बसला.

"आली किती होती?"

"एकशे एकतीस."

गुरुजी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिले... दहा सेकंद केव्हाच होऊन गेले.

"अकरा उरली," शेवटी सुहासच म्हणाला. "चाळणी परीक्षेत मागं पडली. पायऱ्या लिहीत बसायची..."

"मग?"

"परत पाठवली."

गुरुजींनी बाड मिटलं, नीट दोऱ्याने बांधलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मग खांद्यावरचा पंचा त्यांनी डोक्यावर ओढून घेतला आणि ओटीच्या कडेला, खाडीकडे तोंड करून बसले.

सुहासला कळायचं ते कळलं. तरी त्याच्याने राहवेना.

"गुरुजी... त्या दोन ओळी?"

"लिहीन की. पाचवी खेप येऊ दे."